नव्याचा पहिला घास

खुशालने ताटातला भात बोटांनी चिवडला आणि ताट पुढे सरकवले.

"वहिनी, हा तांदूळ कोन्या सालचा होय? बत्त्यानं फोडा लागते याले."

"मागच्या सालचा. ढोल्याच्या बुडाचा," चुलीपुढे बसलेल्या शकुंतलाबाई मान न वळवता, हाताने कोपऱ्यातल्या कणगीकडे दाखवत म्हणाल्या.

"आन् आंगनात नवं धान पडून आहे, ते कोनासाठी? उंदरायसाठी?"

"तुमच्या भावासाठी. त्यायनं खाल्लं का आपन खाऊ."

"भाऊ नागपूरच्या जेलात आहे."

"असू द्या. नागपूर काई लंकेत नाई."

खुशालने ताट पुन्हा ओढून घेतले आणि तोच भात आमटीत बुडवून खाल्ला. भूक खरी होती आणि भांडण उद्यावर ढकलता येण्याजोगे होते.

बपेरा हे तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेले गाव. या घरची शेती धानाची, आणि घरची एक रीत आजोबांच्या आधीपासूनची. नवे धान आले की घरातल्या कर्त्याने त्याचा पहिला घास घ्यायचा, मग इतरांनी. त्या घासाआधी घरातल्या कोणाच्याही तोंडात नव्याचा दाणा जायचा नाही, मग तो लेकरू असो की म्हातारा. आणि ज्याने पहिला घास घेतला, त्याच्याच हातची मूठ पुढच्या पेरणीला पहिल्यांदा मातीत पडायची. घर कोणाचे, शेत कोणाच्या शब्दाने चालते, हे सांगायला या घराला दुसऱ्या कागदाची कधी गरज पडली नव्हती.

वडील गेल्यापासून तो घास तुलाराम घेत होता. तुलाराम थोरला, खुशाल धाकटा. आदल्या वर्षी भरल्या आश्विनात, तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून बांधावर बाचाबाची झाली आणि तुलारामच्या हातातल्या फावड्याचा दांडा शेजारच्या गावच्या एका माणसाच्या डोक्यात बसला. माणूस दवाखान्यात दगावला. खटला चालू असताना तुलाराम जामिनावर घरी होता; न्यायालयात त्याने काही नाकारले नाही. भंडाऱ्याच्या न्यायाधीशांनी सात वर्षांची सक्तमजुरी सांगितली आणि पेरणीची पहिली मूठ टाकून होताच त्याला नागपूरच्या तुरुंगात नेले. सत्याहत्तर सालची ही दिवाळी त्याच्यावाचून आलेली पहिली दिवाळी होती, आणि हे त्याच्यावाचून पिकलेले पहिले धान.

भावकीतले कृष्णराव काका दोनदा येऊन बसून गेले होते. त्यांचे बोलणे कडू नव्हते, हिशेबी होते.

"हे पाय शकुन, एका सालची गोष्ट असती तं मीच म्हटलं असतं, थांबा. सात सालं घर जुनं खाईल का? दोन लहान पोरी आहेत घरात. कर्ता मोकळा पायजे. खुशालले घास घेऊ दे, आन् वर्ष चालू कर."

"मंग ते आल्यावर?" शकुंतलाबाईंनी विचारले.

"आल्यावर पाहू."

"आल्यावर ते पाहुने म्हनून येतील काकाजी. सात सालं खुशालभाऊजीच्या हातची मूठ पडली, का मंग त्यायच्या हाताले माती ओळखनार नाई."

कृष्णरावांनी शकुंतलाबाईंच्या सासूकडे, चंद्रभागाबाईंकडे पाहिले. म्हातारीने सुपारी कातरणे थांबवले नाही. दोन्ही पोरगे तिचेच होते; कोणत्या बाजूने बोलले तरी दुसऱ्याच्या तोंडचा घास काढल्यासारखे झाले असते.

शकुंतलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि एखादी गोष्ट करायची म्हणजे तिच्या पहिल्या टोकापासून सुरुवात करायची, ही त्यांची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी त्या पोस्टात गेल्या. पोस्ट म्हणजे भय्याजींच्या किराणा दुकानाची पुढची खोली. एका बाजूला मिठाची पोती, दुसऱ्या बाजूला शिक्के.

"भय्याजी, जेलात खायाची वस्तू जाते का?"

"पोस्ट कुठीबी जाते बाई. घेनाऱ्यानं घेतली पायजे." भय्याजींनी चष्मा कपाळावर चढवला. "पैले इचारून घे. कार्ड टाक जेलच्या मोठ्या साहेबाले. इचारल्याशिवाय धाडलं आन् वापस आलं, तं मले बोल लावशील."

कार्ड गेले. उत्तर आले: सणानिमित्त एक पार्सल, कोरडा खाऊ, ओले किंवा गळणारे काही नको, पार्सल उघडून तपासले जाईल. शकुंतलाबाईंनी ते उत्तर तीनदा वाचले आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवले. पुढे कोनाड्याकडे हात गेला की त्या 'कोरडा' या शब्दाची मनात पुन्हा उजळणी करीत.

हलके, म्हणजे लवकर पिकणारे धान नुकतेच निघाले होते. त्याचे पोहे कुटले. पोहे कोरडे असतात, टिकतात आणि नव्याचेच असतात. त्यामुळे घास म्हणून ते चालतील, असे चंद्रभागाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडून सांगितले. आणि लगेच पुढचेही सांगितले.

"नुसते पोहे धाडतेस का? लाडू कर. मोह भाज, जवस भाज, पोह्यासंगं कूट. तुलाले मोहाचे लाडू पायजे. गुळाचे तं कोनीबी धाडते."

यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. झाडीतल्या घरात मोहफुले चैतात वेचून वाळवून ठेवलेली असतात, जशी चिंच ठेवतात, जशा वड्या ठेवतात. मोहाची दारू होते हे गावात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण दुधाला जसे कोणी ताकाच्या नावाने ओळखत नाही, तसे घरातल्या मोहाला कोणी दारूच्या नावाने ओळखत नव्हते. ते लेकरांच्या हातावर ठेवायचे गोड होते.

लाडू वळताना नीट बांधले जाईनात म्हणून शकुंतलाबाईंनी भाजल्या मोहावर कोमट पाण्याचा हबका मारला. लाडू वळले गेले. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घासून, उन्हात तापवून घेतला आणि त्यात लाडू भरले. वाटेत मुंग्या लागू नयेत, दमट होऊ नये, म्हणून तुमसरच्या कल्हईवाल्याकडून झाकण चहूबाजूंनी कथिलाने झाळून घेतले. मग वर पांढरे कापड शिवले, टाक्यांवर लाखेचे ठिपके दिले. भय्याजींनी पार्सल हातात घेऊन वजन न करताच आधी खालीवर पाहिले.

"बाई, एवढं बंद तं सरकारी खजिनाबी नसते."

"पोचलं पायजे भय्याजी."

"पोचते. याले तं चोराचाबी इलाज नाई."

दिवाळी गेली. पुढे भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली आणि एका दुपारी दोन टपाले बरोबर आली. एक तुरुंगाचे छापील पत्र: पार्सलात आक्षेपार्ह पदार्थ आढळल्याने ते नष्ट करण्यात आले असून सदर कैद्यास बाहेरील खाद्यपदार्थ एक वर्ष मिळणार नाहीत. दुसरे तुलारामचे कार्ड. ते खुशालने ओसरीवर उभे राहून मोठ्याने वाचले.

'तीर्थरूप माय हिस तुलारामचा दंडवत. डबा पाठवला तो पाठवायला नको होता. माझे बगिच्याचे काम काढून घेतले. येथे लोक मला दारूवाला म्हणतात. आता काही पाठवू नये. नवं खुशालने खावे आणि घर चालवावे. माझी वाट पाहू नये.'

खुशालने कार्ड उलटे करून पाहिले, जणू मागे आणखी काही असेल. मग ते त्याने हळूच आईच्या मांडीवर ठेवले.

"मी नाई म्हटलं असं," तो म्हणाला. "त्यानंच लिवलं."

"त्यायनं नाई लिवलं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"मंग कोन लिवलं? अक्षर भावाचं आहे."

"अक्षर त्यायचं आहे. बोलनं लाजेचं आहे. मानसाची लाज उतरेपर्यंत त्याचं काई आयकाचं नसते." त्यांनी कार्ड उचलले. "मले नागपूरले घेऊन चला भाऊजी. डब्यात काय झालं ते मले त्यायच्या तोंडून आयकाचं आहे."

"धान शेतात उभं आहे वहिनी."

"धान कुठी पळून जात नाई. तुमी चला."

खुशाल कुरकुरत का होईना, निघाला. तुमसर रोड स्टेशनावर गाडीत बसेपर्यंत तो कापणीच्या मजुरांची नावे घेऊन घेऊन बोलत होता. शकुंतलाबाईंनी पदराच्या टोकाला नव्या पोह्यांची एक चिमूट गाठ मारून बांधली होती. तुरुंगाच्या दारातल्या झडतीवालीने ती गाठ पहिल्याच चाचपणीत ओळखली, सोडली, पोहे बाहेर झटकले आणि पदर परत त्यांच्या खांद्यावर टाकला. रागावली नाही. तिच्या हाताला रोजच असे काही ना काही लागत असावे.

मुलाखतीच्या खोलीत दुहेरी जाळी होती आणि जाळीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पुष्कळ माणसे बोलत होती. तुलाराम वाळला होता. खुशालला पाहून तो आधी दुसरेच बोलला.

"पांढऱ्या बैलाचा खूर बरा झाला का?"

"झाला."

"डांबर लावलं का हळद?"

"दोनीबी लावलं."

"हं." मग त्याची नजर बायकोकडे वळली आणि खाली गेली. "काहून आली तू?"

"डब्यात काय होतं ते सांगा."

"तुलेच ठाऊक. तू भरला."

"मी लाडू भरले होते."

तुलारामने जाळीला बोटे लावली आणि सांगितले ते असे. डबा दिवाळीच्या सुट्यांत कचेरीतल्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिला. उघडायला घेतला तेव्हा झाकण फुगून वर आले होते. शिपायाने खिळा मारताच डबा फुसकन् बोलला आणि आतून फेसाळ रस उसळला. सारी कचेरी हातभट्टीसारखी घमघमली. मोहात साखर भरपूर. त्यात पाण्याचा हबका, पत्र्याखालची ऊब आणि कुठूनही वारा न जाणारे झाळलेले झाकण. एवढे जुळून आल्यावर जे व्हायचे ते कोणाची परवानगी विचारत नाही. तुलाराम कोपऱ्यात उभा होता, आणि कोणीतरी म्हणाले, याने घरून भट्टीच मागवली.

"मी सांगलं, लाडू होय," तो म्हणाला. "वास पाहून कोनी माह्यावर भरवसा ठेवला नाई. एक भंडाऱ्याकडचा शिपाई होता, तो हासला. तोबी बोलला नाई काई."

"चूक माही आहे. पानी मीच शिंपडलं, झाकनबी मीच झाळून घेतलं."

"जाऊ दे. खुशाल खाऊ दे नवं. मी इथं असून नसल्यासारखा आहे."

"बैलाच्या खुराचं इचारलं ते कोन? नसलेला मानूस?"

तुलाराम हसला नाही. पण त्याने जाळीवरची बोटे काढली नाहीत. वेळ संपल्याची घंटा झाली. आत जाताना त्याने एकदा मागे वळून खुशालकडे पाहिले, आणि खुशालने उगाचच डोक्यावरची टोपी सारखी केली.

बाहेर मुलाखतींची नोंद ठेवणारे अधिकारी टेबलाशी बसले होते. शकुंतलाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डबा आपण भरला, मोह आपण घातला, पाणी आपण शिंपडले, माणसाला त्याची वार्ताही नव्हती, हे त्यांनी एका दमात सांगितले. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले.

"बाई, तुम्ही म्हणता ते खरे असेल. पण एक वर्षभर खाण्याची वस्तू नाही. हा हुकूम माझा नाही, आणि मोडणेही माझ्या हाती नाही."

"एक घास, साहेब. घरात त्यायच्यावाचून कोनी नवं खात नाई."

"घासाला एक नियम आणि टोपलीला दुसरा, असे इथे करता येत नाही. पत्र लिहा. पत्राला बंदी नाही."

"पत्रं उघडून पायता?"

"प्रत्येक पत्र."

"कोन पायते?"

"मीच पाहतो बहुधा. का?"

"काई नाई. ज्याले लिवाचं त्याचं तोंड पायलेलं बरं असते."

साहेबांना ते कळले नसावे. खुशाललाही कळले नाही. गाडीत त्याने विचारले तेव्हा शकुंतलाबाईंनी, "घरी गेल्यावर पाहू," एवढेच उत्तर दिले आणि भंडारा रोड स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेरच्या कापलेल्या बांध्या, धानाचे ते बांध घातलेले तुकडे, पाहत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी वरच्या बांधीतले धान मूठभर घेतले, हाताने सोलले, न फुटलेले पाच तांदूळ निवडले आणि त्यांना कुंकू लावले. मग भय्याजींच्या दुकानात जाऊन पाकीट मागितले.

"अक्षता का?" भय्याजींनी कागदातली पुडी पाहिली. "हे बरं सुचलं तुले. कुंकवाच्या अक्षता तं लगनाच्या, बारशाच्या हरेक पत्रात जातेत. कोन अडवते? दोन ओळी लिव खुशालीच्या, आन् टाक."

"पन ह्या खायाच्या आहेत."

"ते कोनाले सांगाचं कायले?"

"तेच सांगाचं आहे." शकुंतलाबाईंनी त्यांच्या टेबलावरचा टाक ओढला. "चुपचाप डबा झाळून धाडला होता भय्याजी. काय झालं ते गाव जानते. हे बी चुपचाप धाडलं, आन् दाने तोंडात टाकताना कोनी पायलं, तं पुन्हा त्यायच्याच डोक्यावर. जे आहे ते लिवूनच जाईल."

"आन् साहेबानं फेकून देल्लं तं?"

"तं पुन्हा लिवीन."

खुशाल मागे उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, तू कुलूप लावून वरून किल्ली टांगून राहिली."

"किल्ली टांगली तरी कुलूप साहेबाचंच आहे ना? उघडन का नाई ते त्याच्या हाती."

पत्र एकाच कागदावर होते, पण दोन माणसांना. वरचा अर्धा भाग असा:

'पत्र तपासणाऱ्या साहेबांस बपेऱ्याच्या शकुंतला तुलाराम हिचा नमस्कार. आपली माझी भेट झाली आहे. सोबत कुंकू लावलेले पाच तांदूळ आहेत. अक्षता म्हटले असते तर आपण सोडले असते. पण ते खाण्यासाठी आहेत, म्हणून तसे लिहिते. ते नव्या धानाचे आहेत. आमच्या घरी माझ्या मालकांनी नवं खाल्ल्याशिवाय कोणी खात नाही. त्यांनी नाही खाल्ले तर घरातले त्यांचे स्थान जाते. ते कोरडे आहेत. त्यांत ओल नाही, मोह नाही. आपल्या नियमात बसत असेल तर द्यावे. बसत नसेल तर फेकू नये, परत पाठवावे, म्हणजे मी दुसरा रस्ता पाहीन.'

खालचा भाग नवऱ्यासाठी, आणि तो फार लहान होता:

'तुमचे कार्ड मिळाले. ते मी मानले नाही. दाणे मिळाले तर खावे आणि कळवावे. तोवर घर थांबले आहे.'

पाकीट गेले आणि घर खरोखर थांबले. ढोल्याच्या बुडाचा जुना तांदूळ संपला. बाजारातून ज्वारी आली. शकुंतलाबाईंनी चार घरी विचारून मुलींपुरता जुना तांदूळ उसना आणला. भारी धानाची मळणी लागली. मळणीच्या माणसांना जेवण घरचे, आणि त्यांना रीत लागू नव्हती. त्यामुळे रोज दुपारी शकुंतलाबाई नव्या तांदळाचा मोठा हंडा रांधत, पानांवर वाढत आणि मग घरच्यांसाठी भाकरी थापायला बसत. नव्या भाताचा वास ओसरीभर पसरून राही.

मजुरांतल्या सत्यभामाबाई जिभेच्या तिखट. त्या एकदा हात धुता धुता म्हणाल्या, "आमाले ताजं आन् मालकाले वाळलं. असं घर भेटाले नशीब लागते वो माय. जेलाले म्हना, अजून दहा-पाच जनायले ठेवून घे."

बाया हसल्या. शकुंतलाबाईही हसल्या आणि त्यांच्या पानावर आणखी एक पळी भात टाकला. "खा. खाऊन मळनी लवकर करा. बोलनं फुकट आहे, धान फुकट नाई."

कृष्णरावांना मात्र हे हसण्यावारी नेता येईना. आसपासच्या गावांतून विचारणा होत होती. शेवटी त्यांनीच दिवस ठरवला: येत्या पौर्णिमेला सकाळी भावकी जमेल, खुशालच्या हातून नवं होईल, तुलारामचे कार्ड त्याला आधार आहे.

"चंद्रभागावहिनी, तुमी बोला आता," ते म्हणाले.

चंद्रभागाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी शकुनच्या हातची भाकर खाऊन राहिली कृष्णराव. दात नाईत मले, दुधात कुस्करून खातो. पन खातो. एवढंच मी बोलन."

"म्हंजे?"

"म्हंजे भाकर मऊ आहे."

पौर्णिमेच्या सकाळी भावकीतले सातआठ पुरुष ओसरीवर येऊन बसले. कृष्णरावांच्या घरून नव्या तांदळाचा भात शिजून आला, कारण शकुंतलाबाईंनी तो शिजवायला सरळ नकार दिला होता. पाट मांडला, पान वाढले. पाट रिकामाच राहिला. खुशाल खळ्यावर होता. बोलावणे गेले, तो आला नाही. तेव्हा कृष्णराव स्वतः काठी टेकत खळ्यावर गेले, आणि त्यांच्यामागे भावकी गेली. शकुंतलाबाई कुंपणाआड उभ्या राहिल्या.

खुशाल बैलांमागे फिरत होता. त्याने बैल थांबवले नाहीत, म्हणून काकांना त्याच्याबरोबर गोल चालावे लागले.

"पान थंड होऊन राहिलं खुशाल."

"मले भूक नाई काका."

"भुकेची गोष्ट नाई. तुह्या भावानंच लिवून देल्लं."

"लिवलं ते मीच वाचलं. जेलातबी तेच म्हटलं, नवं खुशाल खाऊ दे." खुशालने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "पन आल्या आल्या पैले काय इचारलं सांगू? याच्या खुराचं. डांबर लावलं का हळद, म्हने. तिथं लोक त्याले दारूवाला म्हनतेत, अंगावरचं मांस गेलं, आन् तो खुराचं इचारते. ज्याले खुराचं इचारा लागते त्याचं घर अजून सुटलं नाई. मी त्याच्या पाटावर बसलो तं मले घास उतरन का?"

"मंग सात साल भाकर खाजो."

"खातो. वहिनी चांगली थापते." जरा थांबून तो म्हणाला, "जरा जाड थापते, पन चांगली थापते."

भावकीतला एक जण हसला. कृष्णराव थोडा वेळ तसेच चालले, मग बैलांच्या वाटेतून बाजूला झाले. तो भात मळणीच्या माणसांनी खाल्ला. कुंपणाआडून शकुंतलाबाई घरात गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी भाकऱ्या पातळ थापल्या.

पत्र आले ते थंडी पडल्यावर, मळणी उरकून धान पोत्यांत भरले गेले त्या दिवसांत. वाड्यासमोर तुमसरच्या व्यापाऱ्याची गाडी उभी होती. खुशाल आणि दोन हमाल पोती चढवत होते. भय्याजी स्वतः पाकीट घेऊन आले. त्यांनी ते शकुंतलाबाईंच्या हातात दिले आणि जायचे सोडून ओसरीच्या कडेला बसले.

शकुंतलाबाईंनी पाकीट बोटाने फाडले. घडी उलगडली आणि मोठ्याने वाचू लागल्या.

'तीर्थरूप मायेस दंडवत. सौ. शकुंतला हिस कळवणे की पत्र पोचले. मला साहेबांनी कचेरीत बोलावले. तुझे पत्र टेबलावर उघडे होते. ते म्हणाले, खाण्याची वस्तू बराकीत नेता येत नाही, आणि हे तर खाण्याचे म्हणून स्वच्छ लिहिले आहे. मग म्हणाले, माझ्या टेबलावर मात्र हे दाणे पत्राचाच भाग आहेत. इथे उभा राहून खात असलास तर खा. मी खाल्ले. कच्चे होते, पुष्कळ वेळ चावावे लागले, तोवर ते कागद वाचत बसले. नंतर विचारले, मोहाचे लाडू खरेच करतात का तुमच्याकडे. मी कसे करतात ते सांगितले. त्यांनी बगिच्याचे काम परत देण्याचे कबूल केलेले नाही, पण पाहू म्हणाले.'

चंद्रभागाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्यांनी फक्त विचारले, "खाल्ले ना?"

"खाल्ले आत्याबाई."

"मंग पुढं वाच."

'आता घराने नवं खावे. मुलींना आधी वाढावे. खुशालला सांगावे की दाणे मी ओळखले. ते वरच्या बांधीचे आहेत. दाणा बारीक आणि भरलेला आहे, या साली तीच बांधी चांगली उतरली असली पाहिजे. तिचे धान विकू नये. सारे बियाण्याला ठेवावे. खालच्या बांधीचे विकावे, त्याला पाण्याने पोचटपणा आला असेल. पेरणीला मी नसेन. पहिली मूठ माझ्या नावाने शकुंतलेने टाकावी, आणि पाण्याची पाळी खुशालने पाहावी. तलावाच्या पाण्यासाठी कोणाशी बोलू नये. नंबर येईल तेव्हा घ्यावे.'

खुशाल खांद्यावर पोते घेऊन गाडीपाशी उभा होता. त्याने ते तसेच खाली ठेवले.

"वरच्या बांधीचं?"

"वरच्या बांधीचं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"वहिनी, वरच्या बांधीची पोती खाली आहेत. पैले तीच चढवली मी. त्याच्यावर खालच्या बांधीची सारी थप्पी रचली." त्याने गाडीकडे पाहिले, हमालांकडे पाहिले, मग ओसरीवरच्या पत्राकडे पाहिले. "पाच दाने चावून तिथून हुकूम सोडते. सकाळी लिवाले काय झालं होतं त्याले?"

"पत्र आज आलं भाऊजी."

"आलं, आलं. दिसून राहिलं मले." त्याने धोतराचा काचा पुन्हा खोचला आणि हमालांना हाक मारली. "उतरवा गा सारं. मालकाचं पत्र आलं."

हमाल काहीतरी पुटपुटले. व्यापाऱ्याच्या माणसाने उशीर होतो म्हणून कटकट केली. खुशालने त्याला ओसरीवर बसायला आणि जेवून जायला सांगितले. पोती एकेक करून खाली येऊ लागली. शकुंतलाबाईंनी पत्र सासूच्या हातात दिले, सूप घेतले आणि नवा तांदूळ निवडायला बसल्या. मुली आधीच येऊन चुलीपाशी ताटल्या मांडून बसल्या होत्या.